गुरुजींचे तेरा पत्ते

पत्ते सोडले तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. सोडताना काही त्रास झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना वाटतं, व्यसन सोडणाऱ्याच्या अंगाला घाम सुटतो, त्याला जेवण जात नाही, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. माझं तसलं काही झालं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खेळत होतो, तिसऱ्या दिवशी बंद केलं. त्रास झाला तो नंतर, आणि तो पत्त्यांनी नाही, माणसांनी दिला. त्याला आता चाळीस वर्षं होत आली, तरी त्या माणसांची आठवण निघाली की बोलता बोलता माझा चहा गार होतो आणि बायको कप उचलून घेऊन जाते.

मी पांढुर्ण्याला नळाच्या पंपावर होतो. जाम नदीच्या काठाला विहीर आणि विहिरीला लागून पंपघर. सकाळी मोटर सुरू करायची, टाकी भरली की बंद करायची, संध्याकाळी परत तेच. मधले सगळे तास मोकळे. पंपघराच्या भिंती दगडी आणि हातभर जाड, त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा असायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात अशी खोली असली आणि तिथे चार माणसं जमली नाहीत, असं होऊच शकत नाही.

आम्ही चौघे रमी खेळायचो. एक रेशन दुकान चालवणारा, त्याला सगळे कंट्रोलवाला म्हणायचे. एक सायकल दुरुस्तीवाला. एक मी. आणि चौथे गुरुजी. गुरुजींनी मला चौथीत शिकवलेलं होतं. आता ते रिटायर झाले होते आणि आमच्या समाजाची कोणतीही बैठक त्यांच्याशिवाय बसत नसे. कोणाच्या पोरीची सोयरीक असो, भावाभावांचा वाद असो, विहाराचा रंग असो, गुरुजी काय म्हणतात ते शेवटचं. अशा माणसासोबत पत्ते खेळायला मिळतात याचा मला अभिमानच वाटायचा. पैसे फार लागत नव्हते. गेला तो वेळ, आणि वेळ गेल्याचं ज्याचा जातो त्यालाच शेवटी कळतं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे सासरे लोधीखेड्याहून येणार होते. आमच्या गावात त्या दिवशी गोटमार. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि दोन्हीकडून दगड. आमची वस्ती नदीकडेच. बाहेरच्या माणसाने त्या दिवशी एकट्याने तिकडे यायचं नसतं, कुठून दगड येईल सांगता येत नाही. म्हणून मीच त्यांना कार्ड टाकलं होतं, की स्टँडवरच थांबा, मी येतो, मागच्या बोळीतून तुम्हाला घरी नेतो. दहाची बस होती.

मोटर त्या दिवशी पहाटेच चालवून नऊला बंद केली. नऊ ते दहा एक डाव होईल म्हणून बसलो. पंपघराचं दार आतून लावलेलं, बाहेर ढोल आणि आरडाओरड. मी उठलो तेव्हा तीन वाजले होते.

स्टँडवर गेलो तर म्हातारा बाकावर नव्हता. बाजूच्या पानवाल्याने सांगितलं, ते दवाखान्याकडे गेलेत, तिसऱ्यांदा. स्टँडवरून दिवसभर डोकी फुटलेली माणसं नेली जात होती. प्रत्येक वेळी सासरे उठायचे, रक्ताने माखलेल्या फडक्याखाली जवाई तर नाही हे बघायचे, आणि परत येऊन बसायचे. ते मला दवाखान्याच्या फाटकाशी भेटले. एका हातात मक्याच्या कणसांची पिशवी, दुसऱ्या हातात नातीच्या झग्याचं पुडकं. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला.

"लागलं तं नाही न?" ते म्हणाले.

"नाही मामाजी. पंप बिघडला होता."

मी ते बोललो. आजही मला ते वाक्य ऐकू येतं आणि स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. पंप नऊलाच बंद झालाय हे माझ्या बायकोला माहीत होतं, कारण नळ नऊलाच गेला होता. कणसं भाजून तिने सगळ्यांना वाढली. सकाळी ट्रंक भरली, पोरीला नवा झगा घातला आणि बापासोबत निघाली. मी स्टँडपर्यंत मागे मागे गेलो.

बस लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाच तास माहा बाप मेलेल्या माणसायची तोंडं पाहून राहिला होता. आता पोळा ते पोळा. एक डाव नाही. अन् पोळ्याच्या आधी समाजातल्या चार माणसायनं माह्या बाबाले सांगितलं पाह्यजे, का हा माणूस सुटला. मंग येईन."

मेलेलं कोणी नव्हतं, हे मी तिला सांगणार होतो. पण बस सुटली.

दुसऱ्या दिवशी तिघे नेहमीसारखे दुपारी आले तर पंपघराला कुलूप आणि मी बाहेर दगडावर बसलेला. मी म्हटलं, इथे आता पत्ते नाहीत. गुरुजी हसले.

"पोट्टी गेली म्हणून राग आला तुले. दोन दिवसानं उघडशीन."

दोन दिवसांनी उघडलं नाही. मग त्यांनी आपला अड्डा गुरुजींच्या ओसरीवर हलवला, आणि ती ओसरी नेमकी माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर. रोज जाताना एकदा आणि येताना एकदा, "आले महाराज, पाया पडा बे!" असं कोणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. ज्या माणसाने मला पाढे शिकवले तो माणूसही हसायचा. मी मान खाली घालून जायचो, पण घरी पोचेपर्यंत डोकं इतकं तापलेलं असायचं की चूल पेटवायची गरज वाटू नये.

गावाचं तर विचारूच नका. मी सहा वर्षं रोज खेळत होतो तेव्हा नळ उशिरा आला तर लोक म्हणायचे, लाईन गेली असेल. मी खेळणं बंद केलं आणि नळ उशिरा आला की लोक म्हणायला लागले, पंपवाला पत्त्यावर बसला असेल. म्हणजे बायको निघून गेली तेव्हा गावाला कारण कळलं, आणि कारण कळलं तेव्हा ते कारणच उरलेलं नव्हतं. लाईन, म्हणजे वीज, रोज जायची. कधी दोन तास, कधी चार. मी मोटरच्या शेजारी बसून दिव्याकडे डोळे लावून बसायचो, लाईन आल्या आल्या बटण दाबायचो आणि टाकीवरून पाणी सुटलं की सायकलवरून वस्तीत एक चक्कर मारायचो, कुठे व्हॉल्व अडलाय का बघायला. तर नळावरच्या बाया हंडे खाली ठेवून म्हणायच्या, "झाला काय बाप्पा डाव? जिंकले का हारले?"

मी थांबून समजावायचो. लाईन नव्हती, बाई. सौंसरकडेही नव्हती. विचारा कोणालाही. जितकं समजावायचो तितकं त्यांना खरं वाटायचं की हा नक्कीच खेळून आला आहे.

एकदा तर कचेरीतून साहेब आले. कोणीतरी अर्ज दिला होता, की पंपचालक ड्युटीवर जुगार खेळतो. कोणी दिला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण अक्षर मी पाहिलं होतं, मोठं, गोल, शाळेच्या फळ्यावर शोभावं असं. त्याहून जास्त मी काही म्हणत नाही. साहेबांनी औजारांची पेटी उपसली, माझा डबा उघडला, सतरंजी झटकली. काही सापडलं नाही. मग त्यांची नजर स्टार्टरच्या पेटीकडे गेली. त्या पेटीचं दार ढिलं होतं, मोटर सुरू झाली की खडखडायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी चौकटची दुर्री घडी करून दाराच्या फटीत बसवली होती. साहेबांनी ती दोन बोटांनी ओढून काढली.

"ये क्या है?"

मी सांगितलं, दार वाजतं म्हणून. साहेबांनी दार हलवून बघितलं. ते वाजलं. तरीही त्यांनी दुर्री पाकिटात घातली आणि मला लेखी ताकीद आली. पत्ते सोडून पाच महिने झालेल्या माणसाला पत्त्यासाठी ताकीद! आणि वर्षानुवर्षं खेळलो तेव्हा एक साहेब फिरकला नव्हता. पुढे मी त्या फटीत रबराचा तुकडा बसवला, पण तो दुर्रीसारखा नीट बसला नाही. दार शेवटपर्यंत थोडं वाजतच राहिलं.

खरी पंचाईत वेळेची होती. सकाळी दहा ते संध्याकाळी चार, सहा तास, रोज. मी पंपघर धुतलं, चुना मारला, बाहेर दोन पपया लावल्या. मग औजारांच्या पेटीतले वॉशर काढले आणि मापाप्रमाणे लावून आठ डब्यांत भरले. ते झालं की परत एकत्र करून परत लावायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, बघा, किती टापटीप आली माझ्यात.

महिन्यातून एकदा लोधीखेड्याला जायचो. सौंसरला बस बदलायची, तिथून पुढे. सासऱ्यांची दोन एकर जमीन आणि दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात रोजचं काम. ते मला "या जवाईबाप्पू" म्हणायचे, बशीसकट कप द्यायचे, आणि मग बाजूला बसून माझ्या चपलांकडे बघत राहायचे. पूर्वी ते मला "ये रे" म्हणायचे आणि चहा पितळी पेल्यात द्यायचे. तो कप-बशीचा मान माझ्या घशातून उतरत नसे. पोरगी सहाव्या वर्षात होती. ती माझ्या मांडीवर बसून, "आमचं गाव कोनतं, हे का थे?" असं विचारायची आणि आजोबा उठून बैलाकडे जायचे.

थंडीत एकदा गेलो तर बायकोने सुपात भुईमुगाच्या शेंगा आणून समोर ठेवल्या. मी बोलत होतो, ताकीद कशी आली, गुरुजी कसे हसतात, नळावरच्या बाया काय म्हणतात. बोलणं माझं चालूच. ती ऐकता ऐकता सुपाकडे बघायला लागली. मी शेंगा लावत होतो. एकदाण्याच्या एकीकडे, दोनदाण्याच्या दुसरीकडे, तीनदाण्याच्या तिसरीकडे, आणि प्रत्येक ओळीत लहान ते मोठ्या.

"खात काहून नाही?" ती म्हणाली.

"खाऊन राहिलो न," मी म्हटलं. पण एकही फोडली नव्हती. तिने सूप उचललं आणि आत नेलं. मला राग आला, की माणूस मनातलं सांगतोय आणि हिचं लक्ष शेंगांत.

आता चार माणसांचं सांगतो, कारण तिथेच सगळी मेख होती. समाजात ज्यांचा शब्द चालतो अशी माणसं कोण? पहिले गुरुजी. दुसरा कंट्रोलवाला, कारण सगळ्यांची साखर त्याच्या हातात. तिसरा सायकलवाला, त्याचा बाप जुना कार्यकर्ता होता म्हणून. चौथे तिगावचे एक मुकादम, रेल्वेतून रिटायर झालेले. आणि मुकादमही गुरुजींच्या ओसरीवर माझ्या जागी बसायला लागले होते. म्हणजे मी पत्ते सोडले याचा दाखला मला ज्यांच्याकडून आणायचा होता ते चौघे रोज पत्ते खेळत होते! मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त चांगलंच आहे. तुमी येत नाही हे त्यायच्याहून जास्त कोनाले माहीत असन?"

बरोबर होतं तिचं. पण ते सांगायला तयार होतील तेव्हा ना. मी एकेकाच्या घरी गेलो. कंट्रोलवाला म्हणाला, गुरुजींनी सांगितलं तर मी सांगीन. सायकलवाला म्हणाला, गुरुजींना विचार. मुकादम म्हणाले, मी तर बाहेरगावचा. आणि गुरुजी म्हणाले, "पाहू."

"गुरुजी, नऊ महिने झाले. तुमच्यासमोरून रोज जातो."

"जातो थे दिसते. कुठी जातो थे आमाले का माहीत?"

मी घरी जातो, गुरुजी! दुसरं कुठे जाणार? घरी कोणी नाही, तरी घरीच जातो! हे मी मनात ओरडलो. तोंडाने म्हटलं, "ठीक आहे, गुरुजी." आमच्याकडे गुरुजीला उलटून बोलत नाहीत, आणि माझं घर त्यांच्या जिभेवर अडकलेलं होतं.

जुलै लागला. पोरीला पहिलीत घालायचं होतं, आणि नाव जुलैअखेरपर्यंतच घेत होते. म्हणून मी परत गुरुजींच्या दारात जाऊन बसलो, की पोळ्याला अजून महिना आहे पण बैठक आताच घ्या, अकरा महिने पुष्कळ झाले, पोरीचं वर्ष जाऊ देऊ नका. शेवटी ते तयार झाले. बैठक त्यांच्याच ओसरीवर ठरली. सासऱ्यांना निरोप गेला. त्यांचं उलट कार्ड आलं, त्यात शेवटी बायकोच्या अक्षरात एक ओळ होती, की ट्रंक घेऊनच येते. ते कार्ड मी शर्टाच्या खिशात घालून फिरत होतो.

त्या दिवशी मी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून नऊलाच गुरुजींकडे गेलो. चहापत्ती, साखर आणि बिस्किटाचे चार पुडे नेले. चौघे आले. बस दहाची. दहा वाजले, साडेदहा वाजले, बस आल्याची काही खूण नाही. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. आणि कंट्रोलवाल्याने खिशातून पत्त्यांचा कॅट काढला.

"बस येईपर्यंत एक हात होऊन जाऊ द्या."

माझा विश्वास बसेना. हे चार जण पंच! एका माणसाने पत्ते सोडले की नाही हे ठरवायला बसलेले, आणि ठरवण्याआधी पत्ते वाटत होते! कोणाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. गुरुजींनी सतरंजीची घडी सरळ केली, मुकादमांनी चष्मा पुसला. मी ओसरीच्या टोकाला, पाठ त्यांच्याकडे करून, रस्त्याकडे तोंड करून बसलो. कान बंद करता आले असते तर तेही केले असते.

थोड्या वेळाने आतून गुरुजींच्या घरच्या बाईंनी हाक मारली, कोणी सहीसाठी मागच्या दारी आलं होतं. गुरुजी उठले. आमच्या खेळात एक रीत होती. उठणाऱ्याने पत्ते खाली ठेवायचे नाहीत, शेजारी जो न खेळणारा बसला असेल त्याच्या हातात द्यायचे, आणि त्याने नाही म्हणायचं नाही. गुरुजींनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"पकड. या कंट्रोलवाल्याचा भरोसा नाही, खाली ठेवले त हा पाहीन."

"गुरुजी, मी नाही..."

"अबे खेळ म्हणून राहिलो काय तुले? पकड म्हणून राहिलो."

विचार करायला एक क्षण होता. अर्ध्या तासाने हाच माणूस माझ्या सासऱ्यासमोर माझ्यासाठी शब्द टाकणार. आता त्याला नाही म्हटलं आणि तो बिथरला तर? मी हात पुढे केला. तेरा पत्ते माझ्या हातात आले, अकरा महिन्यांनी, आणि मी परत रस्त्याकडे तोंड केलं. बस यायला हवी होती. बस दिसत नव्हती. मनात एकच चाललं होतं, बस, बस, बस.

ते रस्त्याने आलेच नाहीत. बस गावाबाहेरच पंक्चर झाली होती, म्हणून उतरून मागच्या बोळीने चालत आले. गोटमारीच्या दिवशी मी ज्या बोळीतून सासऱ्यांना आणणार होतो त्याच बोळीने. मी वळलो तेव्हा सासरे ट्रंक खांद्यावर घेऊन ओसरीच्या पायरीशी उभे होते, पोरगी आईचं बोट धरून, आणि बायको माझ्या हाताकडे बघत होती.

"माझे नाहीत!" मी ओरडलो. "गुरुजींचे आहेत! विचारा!"

तिघांनीही लगेच सांगितलं, की हो हो, गुरुजींचेच, हा नुसता बसलाय. एवढ्यात गुरुजी बाहेर आले. "जयभीम, या या," म्हणाले, आणि प्रकार लक्षात येताच मोठ्याने हसले. "माहे पत्ते होय, बाई. म्याच पकडाले देल्ले. याचा काही दोष नाही." माझ्या जिवात जीव आला. पहिल्यांदा त्या माणसाने माझ्या बाजूने खरं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पत्ते घेतले, सवयीने नजर टाकली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अबे, तू त लावले!" ते म्हणाले. "हे पाहा. बदामची पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी. तीन राण्या. माह्या त ध्यानातच नाही आलं. एका पत्त्यावर रमी आहे लेका!" आणि त्यांनी ते कौतुकाने सगळ्यांना दाखवले.

मी लावले होते. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. डोळे रस्त्यावर होते, मनात बस होती, आणि मधल्या केव्हातरी मी खाली बघितलं असणार, बोटांनी आपलं काम केलं असणार.

बायको शांतपणे म्हणाली, "पकडाले देल्ले होते, त लावले कायले?"

अकरा महिने माझ्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर होतं, नळावरच्या बायांना, साहेबांना, गुरुजींना. तिला मी नुसते रिकामे हात पुढे करून दाखवले.

मग चौघांची तारांबळ उडाली. सोयऱ्याने त्यांना बैठकीच्या वेळी पत्त्यांसकट पकडलं होतं ना! गुरुजी म्हणाले, हा पोरगा सुटला, मी शब्द देतो. कंट्रोलवाला म्हणाला, मीही देतो. सायकलवाला, मुकादम, सगळ्यांनी शब्द दिले, न मागता, एकामागोमाग एक. ज्या शब्दासाठी मी अकरा महिने त्यांचे उंबरे झिजवले तो शब्द त्यांनी बिस्किटं वाटावीत तसा वाटला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला. "गुरुजी, तुमी मोठे आहा. पण तुमचा शब्द आता मले नको," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आजपासून मोजा."

सासऱ्यांनी ट्रंक परत खांद्यावर घेतली. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, दवाखान्याच्या फाटकाशी ठेवला होता तसा.

स्टँडपर्यंत मी भांडत गेलो. अकरा महिने! एक डाव नाही, एक पत्ता नाही! दिवाळीला नाही, लग्नात नाही! ते चौघे बदमाश, रीत चुकीची, बस पंक्चर झाली त्यात माझा काय दोष! लोक थांबून बघत होते. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तुमी खेळले नाही, मले माहीत आहे. पण हात अजून खेळूनच राहिले. शेंगा आठवतात?"

पोरीचं नाव लोधीखेड्याच्या शाळेत घातलं. मी परत पंपघरात जाऊन बसलो आणि पहिल्यांदा वॉशरच्या आठही डब्यांतले वॉशर एका पेटीत ओतले. ते तसेच राहू देणं फार कठीण गेलं. खरं सांगतो, पत्ते सोडण्याचा त्रास मला त्या दिवशी सुरू झाला. हात मांडीखाली दाबून बसायचो. लग्नात वऱ्हाड उतरतं त्या जानोशात कोणी पत्ते पकडायला पुढे केले तर उठून मांडवाबाहेर जायचो, आणि लोक म्हणायचे, फार शेफारला. म्हणू दे. गुरुजी माझ्याशी बोलेनासे झाले. तेही होऊ दे.

पुढच्या जुलैत मी लोधीखेड्याला गेलो. तिने सुपात वाळलेल्या शेंगा आणून ठेवल्या आणि समोर बसली. मी फोडून खात बसलो. काय बोललो ते आठवत नाही. सूप संपलं, टरफलांचा ढीग झाला, तो मी मुठीने उचलून बैलासमोर टाकला. ती उठली, आत गेली आणि ट्रंक ओढत बाहेर आणली. सासऱ्यांनी त्या दिवशी मला चहा पितळी पेल्यात दिला. चार माणसं कोणी बोलावली नाहीत.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट राहिलीच. परवा एका लग्नात जवळच्या माणसाने विचारलं, तुम्ही पत्ते सोडून किती वर्षं झाली? मी त्या पोळ्यापासून धरून सांगितलं. बायको दोन खुर्च्या पलीकडे बसली होती, तिला आता नीट ऐकूही येत नाही. तरी तिने मान वळवून सगळ्यांसमोर सांगितलं, "नाही, त्याच्यातून अकरा महिने कमी करा." मी तिथेच भांडायला लागलो. अकरा महिने मी एक डाव खेळलो नाही, अख्खं गाव साक्षी आहे. ती जेवत राहिली. ते अकरा महिने तिने मला अजून दिलेले नाहीत.